फलकावरचा तुकाराम आणि दुष्काळातला तुकाराम

पर्यावरण दिनाच्या आगेमागे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या आवारांत तुकाराम हमखास भेटतो तो फलकावर. वृक्षवल्लींना सोयरे मानणाऱ्या त्याच्या अभंगाचा आरंभीचा तुकडा, खाली रोपट्याभोवती धरलेली ओंजळ आणि त्याहून खाली कार्यक्रमाच्या अध्यक्षांचे नाव, अशी या फलकाची ठरलेली घडण आहे. फलकाचा मजकूर सुचवण्याचे काम बहुधा मराठी विभागाकडे येते. हवामानबदलाच्या शिक्षणातील मराठी विभागाचा सहभाग तेथे सुरू होतो आणि तेथेच संपतो. हा सहभाग अपुरा आहे एवढेच म्हणून थांबता येणार नाही. तो मुळातच चुकीच्या वाचनावर उभा आहे, आणि वाचन हा तर मराठी विभागाचा स्वतःचा व्यवसाय आहे.

हा अभंग पुढे वाचण्याची तसदी घेतली तर काय दिसते? त्यात झाडे लावण्याचा, जगवण्याचा वा राखण्याचा विषयच नाही. विषय एकांताचा आहे. माणसांच्या गुणदोषांची बाधा जेथे पोचत नाही अशी जागा बोलणाऱ्याने शोधली आहे. आभाळाखाली उघड्या भुईवर बसावे, हरिकथेवर पोट भरावे आणि वाद घालायचाच तर स्वतःच्या मनाशी घालावा, असा त्याचा बेत आहे. सोयरेपणाचा उल्लेख येथे केवळ गोडव्याने आलेला नाही. लौकिकात ज्यांना सोयरे म्हणतात त्यांच्याकडे पाठ फिरवल्यावर तो आला आहे. वृक्षांशी जोडलेले नाते हे माणसांशी सैल केलेल्या नात्याचे दुसरे अंग आहे. फलकाने अभंगातला विरक्त काढून टाकला आणि वनमहोत्सवाचा प्रचारक शिल्लक ठेवला.

याच कवीच्या आयुष्यात १६३० च्या सुमाराचा दख्खनचा महादुष्काळ आहे. आपल्या आयुष्याची हकीकत सांगणाऱ्या अभंगात तो या दुष्काळाचा हिशेब देतो. धंदा बसला, गावातली पत गेली, दोन बायकांपैकी एक भुकेने दगावली, आणि या सगळ्याची लाज जिवाला लागून मन संसारावरून उडाले. म्हणजे डोंगरावरच्या त्या एकांताकडे जाणारी वाट दुष्काळातून गेलेली आहे. पाऊस न पडणे, धान्य न मिळणे, पत मोडणे, घर मोडणे आणि त्यानंतर भाषा सापडणे, असा हा क्रम आहे. १६३० चा दुष्काळ हा आजच्या अर्थाने मानवनिर्मित हवामानबदल नव्हता, हे उघडच आहे. परंतु पर्जन्य, बाजार, कुटुंब आणि अभिव्यक्ती यांची गाठ कशी पडते हे शिकवायचे असेल तर मराठीत याहून थेट पाठ सापडणे कठीण. फलकाला हा अभंग नको असतो. त्यात हिरवे काही नाही.

हवामानबदलाचे शिक्षण विद्यापीठांत नाही, अशी तक्रार येथे नाही. ते कायद्याने आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो आदेश दिला, त्यात चित्रपटगृहांतून पर्यावरणविषयक चित्रपट्ट्या दाखवण्यापासून शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा करण्यापर्यंत सर्व काही होते. त्याला अनुसरून २००३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी सहा महिन्यांचा सक्तीचा पाठ्यक्रम आखला. त्यात ८ घटक आणि ५० तास होते. हवामानबदल सहाव्या घटकात होता, आणि तोही आम्लवर्षा, ओझोनचा थर व अणुअपघात यांच्यासह एका ओळीत. त्या घटकाला ७ तास होते. त्याच तासांत विस्थापितांचे पुनर्वसन, पडीक जमीन, पर्यावरणीय नीतिविचार आणि चार-पाच कायदेही उरकायचे होते. २०२३ च्या नव्या आराखड्यात हवामानबदलाला स्वतंत्र घटक मिळाला आणि विषयाला ४ श्रेयांक मिळाले. ही सुधारणा आहे, ती नाकारण्याचे कारण नाही.

परंतु जो विषय सर्वांना सक्तीचा असतो तो कोणाचाच नसतो, हा विद्यापीठीय व्यवहाराचा नियम येथेही चुकलेला नाही. ज्या अध्यापकाच्या वेळापत्रकात जागा आहे त्याच्याकडे हा विषय जातो. तो इतिहासाचा असो, वाणिज्याचा असो वा तासिका तत्त्वावरचा असो. प्रकल्पवही एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे वारशाने जाते. आणि आवारातील 'सहभाग' म्हणजे काय? नॅकच्या मूल्यांकनात संस्थेच्या मूल्यांचा आणि उत्तम उपक्रमांचा निकष आल्यापासून हरित लेखापरीक्षण, ऊर्जा लेखापरीक्षण आणि स्थळकाळाचा शिक्का असलेली छायाचित्रे यांना जे महत्त्व आले आहे, ते पाहता सहभाग म्हणजे सहभागाचा पुरावा, असे समीकरण रूढ झाले आहे. ५ जूनचेच पाहावे. ही तारीख १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतून आली आणि १९७३ पासून जगभर पाळली जाते. महाराष्ट्रात त्या दिवशी बहुतेक महाविद्यालयांना उन्हाळी सुट्टी असते आणि मृग निघायला दोन-तीन दिवस असतात. विद्यार्थी गावी, पाऊस केरळच्या आसपास आणि रोप खड्ड्यात, अशा स्थितीत सोहळा पार पडतो. पुढे ते रोप एखाद्या शिपायाच्या झारीवर जगते किंवा जगत नाही. छायाचित्र मात्र टिकते.

या साऱ्यात मराठी विभाग दोन सबबी पुढे करून अलिप्त राहतो. पहिली सबब तज्ज्ञतेची: हा भौतिकशास्त्राचा, फार तर भूगोलाचा विषय आहे, साहित्याच्या अध्यापकाने त्यात पडू नये. या सबबीत नम्रतेपेक्षा सोय अधिक आहे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचे वर्तन मराठीच्या वर्गात शिकवावे, अशी मागणी कोणीही केलेली नाही. दुसरी सबब अधिक मानाची आहे, ती स्वायत्ततेची. कलाकृतीला बाहेरच्या प्रयोजनाला जुंपू नये, ही भूमिका मराठी सौंदर्यविचारात दीर्घ काळ लढवली गेली आणि रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने (१९७४) लौकिकतावाद व अलौकिकतावाद यांचा ताण नेमका मांडून तिला सहज झटकून टाकता येणार नाही असे वजन दिले. पण या सबबीचा आधार घेणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. अभंगाचा तुकडा तोडून त्याची घोषणा करणे, हे कलाकृतीला प्रयोजनाला जुंपणे नव्हे तर काय? स्वायत्ततेचे रक्षक विभागात बसलेले असताना हा फलक त्यांच्याच हस्ताक्षरात बाहेर जातो. संपूर्ण अभंग वाचण्याचा आग्रह ही स्वायत्ततेचीच मागणी आहे.

काही विभाग अलिप्त राहिले नाहीत, हे खरे. तेथे 'पर्यावरणवादी समीक्षा' आली. अमेरिकन विद्यापीठांत १९९० च्या दशकात या समीक्षेने मूळ धरले, १९९६ साली तिचे वाचनग्रंथ निघाले, आणि आपल्याकडे ती आली तेव्हा शोधप्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात बसली. दुसऱ्या प्रकरणापासून जुनेच काम सुरू होते. निसर्गचित्रण, निसर्गप्रतिमा, निसर्ग आणि मानव. बालकवींच्या कवितेतील फुले मोजण्याचे जे काम पूर्वी आस्वादक समीक्षा करीत असे, तेच आता नव्या पाटीखाली चालते. फरक एवढाच की आस्वादकाला फुले निदान आवडत असत.

मराठी विभागाचे काम येथे नेमके कोणते, हे पाहायचे असेल तर शब्दांकडे वळावे लागते. शालेय भूगोल मराठी मुलाला 'हवा' आणि 'हवामान' यांत भेद शिकवतो: आजची, इथली स्थिती ती हवा, दीर्घ काळची सरासरी ते हवामान. शाळेचे फाटक ओलांडले की हा भेद मोडतो. उद्याचा अंदाज तो 'हवामानाचा' अंदाज, आणि तो सांगणारे खाते हवामान खाते. अशा भाषेत 'हवामानबदल' हा शब्द ऐकणारा माणूस 'हवामान तर रोजच बदलते' असे म्हणाला, तर त्याला अडाणी ठरवता येत नाही. त्याच्या भाषेने त्याला तेच शिकवले आहे. 'हरितगृह वायू' हा दुसरा शब्द घ्यावा. नाशिककडच्या विद्यार्थ्याला हरितगृह म्हणजे अनुदानावर उभारलेले, ढोबळी मिरचीचे वा गुलाबाचे पैसे देणारे शेड. त्यातला वायू घातक आहे हे त्याने का मानावे? 'कर्बा'चेही तसेच. कृषी अधिकारी सांगतो, जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटला, तो वाढवा. पर्यावरणाच्या तासाला कळते, कर्ब वाढला, तो घटवा. दोन्ही विधाने खरी आहेत. त्यांतला संबंध उलगडून सांगणारे वाक्य मात्र विद्यार्थ्याला कोणी दिलेले नाही.

याहून गंभीर गोष्ट व्याकरणाची आहे. 'बदलणे' हे क्रियापद मराठीत अकर्मकही आहे आणि सकर्मकही: ऋतू बदलतो, आणि माणूस कपडे बदलतो. त्याचे नाम झाले की हा भेद पुसला जातो. 'हवामानबदल' या सामासिक शब्दात बदलणारा कोण हे विचारायला जागाच राहत नाही. ही रिकामी जागा मग वृत्तपत्रीय भाषा भरते. निसर्ग कोपतो, पाऊस दडी मारतो, वरुणराजा रुसतो, आभाळ फाटते. कर्ता सापडतो, पण तो आभाळात असतो. (३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळाचे नावच 'निसर्ग' होते, दोन दिवसांनी पर्यावरण दिन होता.) आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने पृथ्वी तापण्यातील मानवी वाटा निःसंदिग्ध असल्याचे सांगितले, म्हणजे कर्तृपद भरले. आवारातल्या भाषणांत आणि निबंधस्पर्धांत मात्र निसर्ग अजून कोपतोच आहे. कोपणाऱ्या निसर्गाची क्षमा मागता येते, त्याला रोप वाहता येते. त्याच्याकडून हिशेब मागता येत नाही. चेतनगुणोक्ती हा अलंकार आहे असे शिकवून सोडून देणाऱ्या वर्गात ही राजकीय बाजू कधी उघडत नाही.

शब्दांचा हा प्रश्न चैनीचा नाही, हे २०२५ च्या सप्टेंबरात दिसले. पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या दुष्काळाची भाषा बोलणाऱ्या मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सोलापुरात सीना पात्राबाहेर गेली, उभी पिके पाण्याखाली गेली आणि कित्येक ठिकाणी जमीन खरडून गेली. लातूर हे नऊ वर्षांपूर्वी, २०१६ च्या एप्रिलात, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले शहर. तेही याच मराठवाड्यातले. शेतकरी संघटनांनी आणि विरोधी पक्षांनी 'ओला दुष्काळ' जाहीर करण्याची मागणी केली. शासनाचे उत्तर असे की नियमावलीत अशी संज्ञा नाही, सवलती मात्र दुष्काळाप्रमाणे देऊ. ओला दुष्काळ हा विरोधाभास आहे, आणि लोकांनी तो गरजेपोटी घडवला आहे. कोरड्या वर्षात जे हातून जाते तेच पाण्यानेही जाते, हा अनुभव दोन शब्दांत बांधणारी ती निर्मिती आहे. नियमावलीची भाषा तिला ओळखत नाही. गंमत अशी की शासनाला अलंकाराचे वावडे नाही. 'दुष्काळसदृश परिस्थिती', 'टंचाईसदृश गावे' या शासकीय शब्दप्रयोगांत 'सदृश' हा उपमेचा वाचक शब्द आहे. उपमेय आणि उपमान यांत अंतर ठेवणे हे उपमेचे कार्य. दुष्काळ आणि दुष्काळसदृश यांतल्या त्या अंतरात काही सवलती अडकून राहतात. लोकांचा विरोधाभास अमान्य आणि कार्यालयाची उपमा मान्य, हा अलंकारशास्त्राचा वाद आहे. त्याचा निकाल सातबाऱ्यावर लागतो. त्या महिन्यात मराठी विभागांचे वर्ग चालू होते आणि त्या वर्गांत बसणारी मुले बरीचशी याच तालुक्यांतली होती. त्यांच्यासमोर अलंकार शिकवले जात असतील, तर उदाहरणे कोणती दिली गेली?

देशीवादी मित्रांचे उत्तर येथे तयार असते. ते म्हणतात, आमच्या परंपरेला हे सर्व ठाऊकच होते. पाश्चात्त्य संज्ञा बाजूला ठेवा आणि लोकज्ञानाकडे चला. या भूमिकेत तथ्यांश आहे. मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रे, पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस आणि पुष्याचा तो 'म्हातारा', हस्ताचा तो 'हत्ती': वर्षाकाळाची तेरा-चौदा दिवसांच्या तुकड्यांत केलेली ही विभागणी म्हणजे एक भरीव चिन्हव्यवस्था आहे. परंतु चिन्हव्यवस्था चालते ती चिन्ह आणि चिन्हित यांतला करार पाळला जातो तोवर. २०२० साली भारतीय हवामान विभागाने मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सामान्य तारखा बदलल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. २०१७ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०२५ साली मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजी दाखल झाला, म्हणजे मृगाची वाट न पाहता रोहिणीतच. (एका वर्षाची घटना ही हवा आहे, हवामान नव्हे, तो भेद येथेही विसरू नये.) अशा वेळी नक्षत्रांची नावे पाठ करून घेणे म्हणजे करार मोडल्यावर त्याची नक्कल गिरवणे होय. ही शब्दावली जपावी ती तिच्यात कोठे तडा गेला हे मोजण्यासाठी. ज्याला 'म्हातारा' हा शब्द माहीत आहे त्यालाच म्हातारा आला नाही हे कळते. देशीवादाने हे काम हाती घेतले असते तर त्याचे स्वागत झाले असते. त्याने अभिमान हाती घेतला आणि विद्यार्थ्याला जुन्या ज्ञानाचा वारस म्हणून उभे केले. ते ज्ञान त्याच्या वडिलांना या वर्षी पेरणीला उपयोगी पडले का, हा प्रश्न विचारला नाही. महात्मा फुल्यांचा या संदर्भातला विसर तर अक्षम्य आहे. १८८३ साली लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्याने गिळलेली गायराने आहेत, आणि पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून बंधारे घालण्याची योजनाही आहे. त्यांत निसर्ग कोपत नाही. खाते, सावकार आणि भट यांना नावानिशी कर्तृपदी बसवलेले आहे.

कादंबरीच्या अध्यापनातही उसनवारी अशीच आहे. अमिताव घोष यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात असा मुद्दा मांडला की आधुनिक वास्तववादी कादंबरी संभाव्यतेवर उभी असल्याने हवामानाची अघटिते तिच्या परिघाबाहेर पडली. हा मुद्दा मराठी चर्चासत्रांत जसाच्या तसा फिरतो. मराठी ग्रामीण कादंबरीला तो लागू पडत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) अखेरीस दुष्काळाने वाडी उठते, आणि ही घटना त्या कथनात अजिबात असंभाव्य वाटत नाही. माणदेशात ती घडतच आलेली आहे. अवर्षण मराठी वास्तववादात पहिल्यापासून घरचे आहे. मराठीतला प्रश्न म्हणूनच वेगळा आहे. तो काळाच्या रचनेचा आहे. 'बनगरवाडी'तला दुष्काळ वर्तुळाकार काळात येतो. माणसे जगायला जातात तेव्हा पाऊस पुन्हा पडेल आणि माणसे परततील ही शक्यता कथनाच्या पाठीशी उभी असते, आणि वाचकाला होणारे दुःख या आवर्तनावरच्या श्रद्धेने सौम्य झालेले असते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'पर्यंत (२००२) येताना हे आवर्तन विटले आहे. शीर्षकातल्या बारा महिन्यांत ऋतूंची फेरी असण्याऐवजी एकच एक कोंडी आहे, आणि त्या कोंडीत पावसाइतकेच भाव, कर्ज आणि बेकारीही आहे. आवर्तनाचा हा मोड मराठी कादंबरीने कसा नोंदवला, कोठे टाळला, कथनकाळावर त्याचा काय परिणाम झाला, या प्रश्नांवर शोधप्रबंध लिहिता येईल. त्यासाठी झाडे मोजण्याची गरज नाही.

पुण्यात गणेशखिंडीपासून पाषाणपर्यंतचे अंतर सायकलीने जाण्याइतके आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सागवानाच्या खोडातील वलये वाचून, उपकरणांची नोंद नव्हती त्या काळातील मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याचे काम झालेले आहे. वलय रुंद की अरुंद, दोन खोडांचा साक्षीदारपणा जुळतो की नाही, मध्ये वलय गहाळ आहे काय, याची ती छाननी म्हणजे संहिताचिकित्साच होय. पाठभेद लावणाऱ्या मराठीच्या संशोधकाला ती रीत परकी वाटू नये. दुष्काळाचे उल्लेख असलेली जुनी कागदपत्रे, देवस्थानांच्या हिशेबवह्या आणि संतचरित्रे यांचे वाचन त्या वलयांशेजारी ठेवता येईल. अशा अभ्यासासाठी मोडी वाचता येणारा, अभंग पूर्ण वाचणारा आणि 'सदृश' या शब्दाशी अडखळणारा विद्यार्थी लागतो. तो इतर कोणत्याही विभागात तयार होत नाही.

एम.ए.च्या अभ्यासक्रमात तुकारामाचे ते दोन अभंग शेजारी शेजारी, फुल्यांचे एक प्रकरण, 'बनगरवाडी' आणि 'बारोमास', हवामान विभागाचा २०२० चा तारखांचा तक्ता आणि ओल्या दुष्काळाविषयीचा पत्रव्यवहार, असा एक पेपर मांडायला अभ्यासमंडळाची एक बैठक पुरेल. सध्या विभागाच्या बैठकीपुढे असतो तो विषय दुसराच आहे: येत्या ५ जूनच्या फलकावर कोणती ओळ घ्यावी.